बालवर्गाचं पावतीपुस्तक

१

शुक्रवारी सकाळी साडेसहाला मांजराकाठ स्पोर्टिंग क्लबच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं, तेव्हा आतून एकच वस्तू गेली होती, आणि तीही अशी की भंगारवाल्याला फुकट दिली तरी त्याने नाक मुरडलं असतं. बालवर्ग निधीचं, म्हणजे क्लबात फुटबॉल शिकणाऱ्या पोरांसाठीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक. त्याच खणात रबर लावून ठेवलेले बाराशे दोन रुपये जागच्या जागी होते. हवा भरायचा पंप होता, शिट्ट्या होत्या, नांदेडहून जिंकून आणलेला कपही होता. चोराने कशालाच हात लावला नव्हता.

आनंदराजला ही बातमी मैदानासमोरच्या लक्ष्मम्माच्या चहाच्या टपरीवर कळली. लातूर आगारात एकतीस वर्षं एसटीची कंडक्टरकी करून तो निवृत्त झाला होता, त्यामुळे सगळा गाव त्याला मामा म्हणायचा. फुटबॉलचं वेड मात्र नोकरीच्याही आधीचं. क्लबची मॅच उदगीरला असो की नांदेडला, हा ड्यूटी बदलून घेऊन तिथे हजर. आता रोज सकाळी पोरांचा सराव बघायचा आणि दर महिन्याच्या बैठकीत हात वर करून पैशाचं विचारायचं, एवढेच त्याचे उद्योग होते. पाहुण्या खेळाडूंवर किती गेले, पोरांच्या बॉलवर किती? कमिटीला हे प्रश्न पाठ झाले होते.

जानेवारीत त्याने जरा जास्तच ताणून धरलं. "वार्षिक सभेत बालवर्गाचं पावतीपुस्तक वाचून दाखवा. नावासगट, आकड्यासगट. कुणी किती दिलं ते लोकांना कळू द्या." ठराव पास झाला. सभा रविवारी होती, आणि शुक्रवारी पुस्तक गायब.

आठ वाजेपर्यंत गावाने चोर ठरवूनही टाकला. बालवर्गाची कोच लुंबिनी. कारण सरळ होतं. वर्गणी मागायला दारोदार तीच जास्त फिरायची. पुस्तक वाचलं असतं तर तिने जमवलेले जास्त आणि भरलेले कमी असं निघालं असतं, म्हणून तिने ते पळवलं. पुरावा कुणाकडेच नव्हता, पण बोलायला पुरावा लागतो कुठे? सराव चालू असतानाच तीन घरांनी आपल्या पोरी बोलावून नेल्या. त्यातली एक बुद्धप्रिया, अकरा वर्षांची गोलकीपर. तिची आजी नागुबाई थेट गोलपोस्टपर्यंत आली आणि नातीचा हात धरून निघाली. पोरीने हातमोजेसुद्धा काढले नव्हते.

लुंबिनी सावकाश आनंदराजपाशी आली. तिचे डोळे कोरडे होते, पण आवाज चढला होता.

"मामा, पुस्तक वाचा म्हणून तुमीच उठला होता ना? रविवारी बालवर्ग बंद करायचा ठराव येऊन राहिलाय. बेचाळीस पोरं हायती माझ्याकडं. आता पुस्तक बी तुमीच हुडका."

आनंदराजने चहाचा कप खाली ठेवला. तिचं म्हणणं खरं होतं.

२

क्लबची खोली साहेबराव सांभाळायचा. मैदानावर पाणी मारणं, फक्कीच्या रेघा आखणं, खुर्च्या मांडणं, सगळं तोच करायचा.

"कपाटाची किल्ली कुणाकडं असती?" आनंदराजने विचारलं.

"माझ्याकडंच की."

"आत्ता दाव."

साहेबरावाने खिसे चाचपले आणि ओशाळून दारामागे बोट दाखवलं. किल्ली खिळ्याला टांगलेली होती. "तिथंच असती मामा. सगळ्यायला म्हाईत हाय."

म्हणजे किल्लीवरून काहीच कळणार नव्हतं. आनंदराजने कपाळाला हात लावला. "बरं, काल सांच्याला खोलीत कोण कोण आलं होतं?"

"पाचला शिवम आला. पुस्तक काढलं, कायतरी हिसाब केला, परत ठिवलं. मंग शेषेराव अण्णा आले, सभेच्या माईकचं बगाया. अन् सहाला लुंबिनी मॅडम." साहेबरावाने आवाज खाली आणला. "मामा, मी हे कुणाला बोललो न्हाई. मॅडम अर्धा तास आत व्हत्या. एकट्या. दार लावून."

आनंदराज तसाच लुंबिनीच्या घरी गेला आणि आडवळण न घेता विचारलं. आतून एक पिशवी आणून तिने त्याच्यापुढे उपडी केली. चार फुटबॉल निघाले. चारही जागोजाग हाताने शिवलेले, जाड दोऱ्याचे टाके कातड्यावर उठून दिसत होते.

"हे करत होते. पोरायच्या समोर टाके घालत बसले की पोरं इचारत्यात, मॅडम नवे कवा येणार? म्हणून दार लावून घेते."

"नवे आले न्हाईत?"

"सप्टेंबरात ऑर्डर गेली म्हणत्यात. वीस बॉल, पोरायला बूट. पाच महिने झाले, माल रस्त्यातच हाय. बेचाळीस पोरांत नऊ बॉल, मामा. त्यातले चार हे असे."

आनंदराजने एक बॉल उचलून अंगठ्याने दाबून बघितला. टाके घट्ट होते. ज्या बाईने पोरांचे पैसे खायचे ठरवलेत ती सुई टोचून बोटं रक्तबंबाळ कशाला करून घेईल, असं त्याच्या मनात आलं. पण त्याच्या मनाला सभेत कोण विचारणार होतं?

निघता निघता लुंबिनीने आणखी एक गोष्ट सांगितली. "ऑर्डरचे पैसे निधीतूनच निघालेत. छत्तीस हजार. शिवमला इचारा."

३

शिवम क्लबचा खजिनदार. वय सव्वीस, औसा रस्त्यावर एका कर सल्लागाराकडे नोकरी, आणि दाराशी ऑक्टोबरात घेतलेली नवी कोरी मोटरसायकल. आनंदराजने गाडीकडे जरा जास्त वेळ पाहिलं. शिवमच्या ते लक्षात आलं.

"हप्त्यानं हाय मामा. कागद दावू का?"

"मला पासबुक दाव."

शिवमने पासबुक दिलं आणि सोबत स्वतःची एक छोटी डायरीही पुढे केली. "पुस्तक गेलं तरी एवढं हाय माझ्याकडं. पावत्या कोण बी फाडतं, मॅडम, अण्णा, साहेबराव, मी. पैसे खणात टाकत्यात. महिना संपला की मी पावत्या मोजतो, पैसे मोजतो, बँकेत भरतो. किती पावत्या झाल्या ते डायरीत लिवून ठेवतो. नावं मात्र मी वाचत बसत न्हाई."

आनंदराज खुर्ची ओढून बसला. एकतीस वर्षं रोज रात्री तिकिटं आणि पैसे जुळवताना तो आधी चिल्लर बघायचा. नोटांत घोळ करणारा माणूस सावध असतो, चिल्लरीत तो बेसावध सापडतो, असा त्याचा अनुभव होता.

पासबुकात सुरुवातीला जुन्या खेळाडूंनी मिळून दिलेले पन्नास हजार होते, आणि काढलेली रक्कम एकच, सप्टेंबरातले छत्तीस हजार. मग जूनचा भरणा, पाच हजार एकशे बारा. डायरीत जूनच्या पावत्या बारा. जुलै, चार हजार तीनशे नऊ. पावत्या नऊ. ऑगस्ट, चार हजार सातशे अकरा. पावत्या अकरा. सप्टेंबर, तीन हजार नऊशे आठ आणि पावत्या आठ. आनंदराज गालात हसला.

"काय झालं?" शिवम म्हणाला.

"आपलं गाव बघून हसू आलं. जयंतीची वर्गणी असो, गणपतीची असो का उरुसाची, आपण कुणी शंभर देतो का? एकशे एक देतो. दोनशे एक, पाचशे एक. एकशे एकच्या खाली क्लब पावती फाडत न्हाई. म्हणजे दर पावतीमागं वरचा एक रुपया. शेवटचा आकडा बघितला की पावत्या किती ते आपसूक कळतं. बारा पावत्या, शेवटी बारा. नऊ पावत्या, शेवटी नऊ."

शिवमने तोंडाचा चंबू केला. इतके महिने त्याने स्वतः पैसे मोजले होते, पण हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

आनंदराज पुढे सरकला. ऑक्टोबरचा भरणा एकदम वाढला होता, नऊ हजार नऊशे सहा. डायरीत पावत्या बारा. तो थबकला. नोव्हेंबर, आठ हजार सातशे पाच आणि पावत्या अकरा. डिसेंबरात शेवटी सात, पावत्या तेरा. जानेवारीत शेवटी चार, पावत्या दहा.

त्याने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"शिवम, चारही महिन्यांत सहा पावत्यांवरचा रुपया गायब हाय. दर महिन्याला बरोबर सहा."

"सहा जणांनी दिला नसंल, मामा."

"लातुरात? आन् दर महिन्याला सहाच जणांनी?"

४

सहा पावत्यांवर रुपया नव्हता आणि भरणा महिन्याला पाच-सहा हजारांनी वाढला होता. हजाराच्या वरची पावती बालवर्गात कुणी फाडल्याचं आनंदराजने ऐकलं नव्हतं. म्हणजे हजार हजाराच्या सहा पावत्या. कुणीतरी दर महिन्याला निधीत गुपचूप सहा हजार टाकत होतं. चोर पैसे काढतो. हा कसला चोर, जो पैसे टाकतो आणि मग पुस्तकच पळवतो?

ते डोक्यात घोळवतच तो क्लबचा अध्यक्ष शेषेराव याच्या दाळमिलवर गेला. शेषेराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. मूळ गावी जमीन, इथे शहरात मिल. पण आनंदराजसाठी तो आधी क्लबचा जुना सेंटर फॉरवर्ड होता. आनंदराजचा थोरला भाऊ केरबा त्याच टीमचा फुलबॅक. केरबाने मागून बॉल उचलून द्यायचा आणि शेषेरावाने पुढे धावायचं, हे बघतच आनंदराज लहानाचा मोठा झाला होता. केरबाला जाऊन आता नऊ वर्षं झाली होती.

मिलमध्ये पिवळी भुकटी हवेत तरंगत होती. शेषेरावाच्या पांढऱ्या सदऱ्यावर तीच, टेबलावर तीच. सकाळी पाहिलेल्या कपाटाच्या खणातही पिवळी धूळ होती हे आनंदराजला आठवलं, पण निम्म्या लातूरच्या अंगावर ही भुकटी असते. तिच्यावरून माणूस धरायचा तर अर्धा गाव धरावा लागला असता.

"ये, आनंदराज. लुंबिनी काय म्हणली?" शेषेरावाने विचारलं.

"काय म्हणणार? रडायची बाकी हाय."

शेषेरावाच्या मागे भिंतीवर नांदेडच्या फायनलचा फोटो होता. मध्ये कप, बाजूला हैदराबादहून आणलेले तीन पाहुणे खेळाडू, आणि शेषेरावाच्या खांद्यावर शाल. पाहुण्यांचा खर्च अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून केला म्हणून ती शाल होती. त्या दिवशी पाहुण्या स्ट्रायकरने शेवटच्या मिनिटाला गोल मारला, तेव्हा आनंदराजने जुनी कंडक्टरची शिट्टी इतकी फुंकली होती की दोन दिवस त्याचा घसा बसला होता.

"अण्णा, बॉलची ऑर्डर कुठवर आली?"

"माल रस्त्यात हाय."

"चेक कुणी भरला होता?"

"शिवम कोऱ्या चेकवर सही करून ठेवतो. मी भरला. जालंधरला आगाऊ पाठवले." मग थोडं थांबून, "लुंबिनीला कुणी वाईट बोललं का रे?"

लुंबिनीबद्दल त्याने हे दुसऱ्यांदा विचारलं. पुस्तक कसं गेलं, कुणावर शक आहे, यातलं त्याने एकदाही विचारलं नाही. आनंदराज उठला, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. शिवम होता.

"मामा, लुंबिनी मॅडमनी राजीनामा आणून दिलाय. रविवारी वाचून दाखवा म्हणल्या."

आनंदराजने ते मोठ्याने सांगितलं. शेषेराव खुर्चीतच बसून राहिला.

५

शनिवारी सकाळी मैदान रिकामं होतं. साहेबरावाने सवयीने रेघा आखल्या होत्या, पण त्या ओलांडायला कुणी आलं नव्हतं. आनंदराज टपरीच्या बाकड्यावर बसला. रात्रभर तो त्या सहा पावत्यांत अडकला होता. उदार माणूस असता तर त्याने नाव लपवलं असतं, रुपया कशाला सोडला असता? आणि खोट्या पावत्या लिहिणारा तर उलट जपून वागेल, इतरांसारखाच आकडा लिहील. मग हा सहाच्या सहा वेळा, चारही महिने, का विसरला?

"एमैंदी मामा, काय झालं? चहा निवला," लक्ष्मम्मा म्हणाली. ती देगलूरकडची. मराठी बोलता बोलता तिची तेलुगू मध्येच डोकं वर काढायची. "महिन्याचे सहाशे चाळीस झाले. आज द्या. अन् आमच्या मल्लन्नाच्या जत्रंची वर्गणी बी द्या."

आनंदराजने खिशातून पैसे काढले. सहाशे चाळीस मोजून एका हातावर ठेवले, वर्गणीचे एकशे एक दुसऱ्या हातावर. लक्ष्मम्माने दोन्ही हात पुढे केले, पण आनंदराज पैसे सोडेना. तो दोन्ही हातांकडे आळीपाळीने बघत बसला.

"लक्ष्मम्मा, ह्या चहाच्या पैशावर बी एक रुपया टाकू का?"

"अय्यो! कशाला?" ती हसली. "उधारीवर कुणी रुपया टाकतं का? वर्गणी देवाला देतो, खुशीनं देतो, म्हणून टाकायचा. ही तर बाकी हाय. जेवढी घेतली तेवढी फेडायची, सुटायचं."

आनंदराज ताडकन उठला. तो माणूस काही विसरला नव्हता. सहा पावत्या लिहिताना त्याच्या मनात वर्गणी नव्हतीच. तो फेडत होता. कुणाचं घेतलेलं परत टाकताना वरचा रुपया ठेवायला या गावातल्या माणसाचा हात उठत नाही. खोट्या पावत्या लिहिताना त्याने नावं बदलली, तारखा बदलल्या, पण हाताची सवय बदलली नव्हती.

आता एकच प्रश्न उरला होता. पोरांचे पैसे कुणी घेतले होते? आणि त्याचं उत्तर त्याने पासबुकात कालच वाचलं होतं. आनंदराजला वाईट वाटलं, इतकं की क्षणभर हे इथेच सोडून घरी जावं असं त्याच्या मनात आलं. मग त्याला हातमोजे न काढता निघून गेलेली बुद्धप्रिया आठवली. तो मिलच्या रस्त्याला लागला.

६

मिल आज बंद होती. शेषेराव एकटाच बसला होता. आनंदराजने दार ओढून घेतलं.

"अण्णा, मी बोलतो, चुकलं तर थांबवा. सप्टेंबरात निधीतून एकदाच पैसे निघाले, छत्तीस हजार. बॉल आले न्हाईत, कारण ऑर्डर गेलीच न्हाई. त्याच महिन्यात नांदेडची फायनल होती. तीन पाहुणे. पाहुण्यायचा भाव मला चाळीस वर्सं म्हाईत हाय, ह्या वक्ताला माणशी बारा हजार. बाराचे तीन वेळा किती होतात?"

शेषेरावाने टेबलावरची पिवळी भुकटी तळव्याने पुसली.

"ऑक्टोबरपासून निधीत दर महिन्याला सहा पावत्या आल्या, रुपया नसलेल्या. चार महिने, सहा-सहा हजार. चोवीस फिटले, बारा राहिले. आन् मग मी सभेत नावं वाचा म्हणलो. नावं खोटी, म्हणून पुस्तक गेलं."

"शिवमची बी सही असती चेकवर," शेषेराव हळूच म्हणाला. त्या बोलण्यात जोर नव्हता.

"असती. पण शिवम चोर असता तर पावत्या मोजून डायरीत लिवल्या नसत्या, आन् ती डायरी स्वतःहून माझ्या हातात दिली नसती. मला जे कळलं ते त्याच डायरीतून कळलं. लुंबिनीनं छत्तीस हजार घेतले असते तर त्या पैशाकडं बोट दावायला मला शिवमकडं धाडलं नसतं. चेक तिच्या हाताला लागत बी न्हाई. साहेबरावाला पावती फाडता येती, चेक न्हाई. ज्याला चेक भरता येतो, पावती फाडता येती आन् गुरुवारी जो खोलीत होता, असा शिवम सोडून एकच माणूस उरतो."

शेषेरावाने टेबलाचा खालचा कप्पा उघडला आणि पुस्तक काढून समोर ठेवलं.

"मिलची मशीन बसली होती. खिशात दमडी न्हवती. पाहुण्यायला जबान दिलेली, फायनल तोंडावर. वाटलं, महिन्यात टाकू परत. जिंकलो, तर तुमी लोकांनी शाल घातली. मग कोणत्या तोंडानं सांगायचं?" तो थांबला. "पुस्तक जाळायला काडी बी काढली होती. पण त्याच्यात लोकांची खरी नावं हायती. एकशे एक देणारी बाई हाय, तिला काय म्हणू?"

आनंदराजने पुस्तक उघडलं. ऑक्टोबरच्या स्थळप्रती सापडायला वेळ लागला नाही. हजार, हजार, हजार. नावं वाचताना त्याचं बोट तिसऱ्या पावतीवर थांबलं. केरबा. तारीख, सही, एक हजार रुपये फक्त. त्याने बाकीची पाच नावं वाचली. सगळी जुन्या टीममधली. सहाही जण आता या जगात नव्हते.

"भलतंसलतं नाव लिवायला हात धजंना," शेषेराव म्हणाला. "मंग आपल्या टीमची लिवली. त्यायनी मला न्हाई म्हणलं नसतं."

भावाचं नाव इतक्या वर्षांनी क्लबच्या पुस्तकात बघून आनंदराजला भरून आलं होतं, आणि रागही आला होता. दोन्ही एकदम.

"पैशाला केरबा न्हाई म्हणला नसता, अण्णा. पण तो मैदानावर असता आन् दुसऱ्याच्या लेकीला लोक चोर म्हणत असते, तर तो तुमच्यासारखा मिलमध्ये बसून राहिला नसता."

"तू सांगणार का उद्या?"

"मी न्हाई. तुमी सांगणार. मी समोर बसून ऐकणार."

"अन् न्हाई सांगितलं तर?"

आनंदराजने पुस्तक शेषेरावाच्याच हातात दिलं आणि दाराकडे वळला. "तर मी वाचायचा ठराव घातलाय, अण्णा. तो अजून पास हाय."

७

रविवारी दहाला सभा सुरू झाली. खोली मावेना म्हणून खुर्च्या मैदानावर मांडल्या होत्या. पहिला विषय बालवर्ग बंद करण्याचा. लुंबिनी मागच्या ओळीत बसली होती, तिच्या शेजारच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. आनंदराज जाऊन त्यातल्या एकीवर बसला. पुढे काय होईल याची त्यालाही खात्री नव्हती.

शेषेराव माईकपाशी गेला. बगलेत पावतीपुस्तक होतं. ते बघताच लोकांत कुजबुज सुरू झाली.

"पुस्तक म्या नेलं होतं," तो म्हणाला. "पोरांचे छत्तीस हजार बी म्याच घेतले होते. पाहुण्यायला दिले. चोवीस टाकले, बारा राहिलेत. अध्यक्षपद मी सोडतो. लुंबिनीनं एका रुपयाला हात लावलेला न्हाई."

कुणी शिट्टी वाजवली नाही, कुणी शिवी दिली नाही. शिवमने खिशातून लुंबिनीचा राजीनामा काढला आणि सगळ्यांसमोर फाडला. ठराव आपोआप पडला. आनंदराजला उठून बोलावंसं वाटलं आणि तो उठलाही. "फायनलला शिट्टी फुंकून नाचणारा मीच होतो. कप कुणाच्या पैशानं आला हे तवा इचारलं न्हाई. हारलो असतो तर इचारलं असतं. तेवढी चूक माझी बी धरा."

मग सगळे लुंबिनीकडे बघायला लागले. ती आता माफ करेल आणि चहा येईल, असं बहुतेकांना वाटत होतं. शेषेरावाने खिशातून चेकबुक काढलं होतं.

"बारा हजार सावकाश द्या, अण्णा," ती म्हणाली. "पैशाचं मला काही न्हाई. इथं बसलेल्या लोकांनी ऐकलं ते बी ठीक हाय. पण तीन घरं इथं आलेली न्हाईत. त्यायच्या पोरी घरात बसून हायती. तिथं जाऊन कोण सांगणार?"

शेषेरावाने चेकबुक परत खिशात घातलं. "मी सांगतो," तो म्हणाला.

त्याच दुपारी तो पहिल्या दोन घरी जाऊन आला. तिथे लोकांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, "जाऊ द्या अण्णा" म्हणाले. पोरी उद्यापासून येतील असं कबूल केलं. तिसरं घर नागुबाईचं. गल्ली इतकी अरुंद की गाडी कोपऱ्यावरच लावावी लागली. आनंदराज आणि लुंबिनी मागे चालत होते. शेषेराव या गल्लीत मतं मागायलासुद्धा कधी आला नव्हता.

नागुबाई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली, पण बसा म्हटलं नाही.

"बाई, ते पैसे म्या घेतले होते," शेषेराव खालच्या आवाजात म्हणाला. "मॅडमचा काही दोष न्हाई."

"मोठ्यानं बोला."

शेषेरावाने इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या दारात दोन बाया उभ्या होत्या. तो थोड्या मोठ्या आवाजात पुन्हा म्हणाला.

"आनखी मोठ्यानं."

"बाई, तुमाला ऐकू येत न्हाई का?"

"चांगलं येतं." नागुबाईने सूप खाली ठेवलं. "पण माझ्या नातीला दोन दिवस ह्या गल्लीत पोरं इचारत होती, तुमची चोरटी मॅडम कुठं गेली म्हणून. ती काही हळू इचारत न्हवती."

शेषेरावाने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मग गल्लीच्या मधोमध उभा राहून, छाती भरून श्वास घेऊन, त्याने आपलं नाव, रक्कम आणि लुंबिनीचं निर्दोष असणं असं सगळं ओरडून सांगितलं. दारं उघडली, वरच्या मजल्यावरून लोक वाकून बघू लागले. लुंबिनीने तोंड फिरवून पदराने डोळे पुसले. दोन दिवस तिने ते आवरून धरले होते.

नागुबाई सावकाश उठली आणि घरात डोकावून म्हणाली, "बुद्धप्रिया, बूट घाल गं. उजेड हाय अजून."